काल्पनिक देशातील फुटबॉल स्पर्धा: १६ संघ घ्यावेत की २४?

प्रश्न

एका कादंबरीसाठी मी तामरीन नावाचा द्वीपदेश रचला आहे. लोकसंख्या ४० लाखांच्या आसपास, मोठी शहरे चार, आणि कथानकाच्या केंद्रस्थानी त्या देशाने भरवलेली आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. संघ २४ असावेत असे मला वाटते, कारण गटात तिसरा आलेला संघही पुढे जाऊ शकत असेल, तर यजमानांची आशा शेवटपर्यंत जिवंत ठेवता येईल. परंतु चार शहरांत एवढी स्पर्धा मावेल का? शिवाय सर्व निकाल मीच ठरवले तर ते वाचकाला बेतलेले वाटतील का?

उत्तर १

आपण १६ संघच घ्यावेत. २४ संघांचे सहा गट केले की गट-साखळीतच ३६ सामने होतात आणि बाद फेरीचे १५ धरून एकूण ५१. १६ संघांत हाच आकडा ३१ वर येतो. १९९६ ते २०१२ या काळातील युरो (युरोपीय देशांच्या) स्पर्धा याच आराखड्यावर खेळल्या गेल्या. चार मैदानांवर ३१ सामने म्हणजे एका मैदानाच्या वाट्याला सात-आठ, आणि मधल्या दिवसांत गवताला विश्रांतीही मिळते. ५१ सामन्यांत ती मिळणे अवघड आहे.

देश लहान आहे याची मात्र चिंता नको. १९३० चा पहिला विश्वचषक माँटेव्हिडिओ या एकाच शहरात झाला, आणि स्पर्धा सुरू झाली तेव्हा मुख्य सेंतेनारियो मैदान तयारच नसल्यामुळे सुरुवातीचे सामने अन्य दोन मैदानांवर खेळवावे लागले. (कादंबरीकाराला याहून चांगले कथाबीज कोण फुकट देणार?) कतारने २०२२ चा विश्वचषक दोहा आणि त्याच्या परिसरातील आठ मैदानांवर भरवला, त्यांपैकी एक जहाजी कंटेनर वापरून, नंतर उकलता येईल अशा रीतीने बांधले होते.

उत्तर २

वरील हिशेब बरोबर असला तरी निष्कर्ष मला मान्य नाही, कारण प्रश्नकर्त्याला हवा असलेला ताण तिसऱ्या क्रमांकाच्या नियमातच आहे. मात्र तो नियम दिसतो तितका सरळ नाही. सहा गटांतील पहिले दोन मिळून बाराच संघ होतात, म्हणून बाद फेरीचे सोळा भरायला सर्वोत्तम चार तिसरे संघ घ्यावे लागतात. सहा तिसऱ्या संघांतून चार निवडण्याच्या पंधरा शक्यता असतात, आणि प्रत्येक शक्यतेत कोणत्या गटविजेत्याची गाठ कोणाशी पडेल, याचा तक्ता स्पर्धेपूर्वीच जाहीर करावा लागतो. २०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकात बारांतून आठ निवडायचे असल्याने शक्यता ४९५ होतात.

दुसरी अडचण न्यायाची आहे. पहिल्या गटाचे सामने आधी संपतात, त्यामुळे तेथील तिसऱ्या संघाला आपले गुण पुरेसे आहेत की नाहीत हे कळत नाही, तर शेवटच्या गटातील संघ नेमके किती हवे हे जाणून मैदानात उतरतो. युरो २०१६ मध्ये अल्बानिया ३ गुणांसह तिसरा आला, इतर गट संपेपर्यंत ताटकळत राहिला आणि अखेर बाहेर पडला. त्याच स्पर्धेत पोर्तुगालने गटातील तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकावरून पुढे गेला आणि करंडक जिंकला. यजमान बहुधा ‘अ’ गटातच ठेवला जातो, म्हणजे तामरीनला अल्बानियासारखी वाट पाहायला लावणे आपल्या हातात आहे.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. आता माझा कल २४ कडे अधिक झुकला आहे. यजमान गटातच बाद झाला तर ते अविश्वसनीय ठरेल का, आणि निकाल कसे काढावेत?

उत्तर ३

अविश्वसनीय मुळीच नाही. २०१० च्या विश्वचषकात यजमान दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला हरवूनही गोलफरकावर मेक्सिकोच्या मागे राहून गाशा गुंडाळला. २०२२ च्या यजमान कतारने तर तिन्ही सामने गमावले.

निकालांसाठी प्रत्येक संघाला बुद्धिबळातील एलो पद्धतीसारखे, म्हणजे ताकद दाखवणाऱ्या आकड्याचे, मानांकन द्या. मानांकनात १०० गुणांची आघाडी असलेल्या संघाकडून सामन्यातील साधारण ६४ टक्के गुणांची (विजय एक, बरोबरी अर्धा) अपेक्षा धरतात. घरच्या मैदानाचा लाभ म्हणून यजमानाला मानांकनाचे १०० गुण वाढवून देण्याची प्रथा फुटबॉलच्या एलो क्रमवारीत आहे. प्रत्येक संघाच्या अपेक्षित गोलांची सरासरी या फरकावरून ठरवा आणि प्रत्यक्ष गोल पॉयसाँ वितरणाने (सरासरीवरून शून्य, एक, दोन गोल होण्याची शक्यता सांगणारे सूत्र), यादृच्छिक आकडे घेऊन काढा. एका सामन्यातील एकूण गोलांची सरासरी अडीच ते पावणेतीन ठेवावी. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले होते. आवडला नाही म्हणून निकाल पुन्हा काढू नका, एवढे पथ्य पाळले तर बेतलेपणाची शंका उरणार नाही.

समान गुणांचे नियम मात्र पहिल्या सामन्याआधी लिहून ठेवा. १९९४ च्या विश्वचषकात एका गटातील चारही संघांचे ४ गुण आणि शून्य गोलफरक झाला, आणि एकच गोल केलेला नॉर्वे बाहेर गेला. २०१८ मध्ये जपान सेनेगलच्या पुढे गेला तो कमी पिवळ्या कार्डांमुळे, आणि शेवटच्या सामन्यात मागे असूनही त्याने अखेरची काही मिनिटे आपसात चेंडू फिरवत घालवली. गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी ठेवायला विसरू नका. १९८२ मध्ये अल्जीरियाचा सामना आधी आटोपल्याने पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना दोघांनाही पुढे नेणारा सोयीचा निकाल ठाऊक होता, आणि १-० झाल्यावर दोघांनीही खेळ जवळजवळ थांबवला. १९८६ पासून हे सामने एकाच वेळी होतात. आपल्याकडे चार मैदाने आहेत, त्यामुळे शेवटच्या फेरीत दिवसाला दोन गट आटोपता येतील, आणि तामरीनचा गट पहिल्या दिवशी संपून शेवटचा गट तिसऱ्या दिवशी संपेल.