मदत हवी आहे: थंडीत आत घेतलेल्या कुंड्यांना पाणी किती द्यावं?

आम्ही गोंदिया जिल्ह्यात, खेड्यात राहतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 8-10 अंशांवर येतो, म्हणून अडेनियम (फुगीर बुडाचं फुलझाड), क्रोटन आणि तुळशीच्या कुंड्या अंगणातून आतल्या खोलीत घेतल्या. घर कौलारू. उजेड पूर्वेच्या एकाच खिडकीतून, तोही सकाळपुरता.

क्रोटनची खालची पानं गळताहेत, शेंडा मात्र टवटवीत आहे, त्यामुळे त्याची फार काळजी नाही. अडेनियमची सगळी पानं पिवळी पडून गळाली. बुड दाबलं तर टणक लागतं, म्हणून पाणी बंद केलंय. खरी कटकट तुळशीची: माती वरून कोरडी, बोटभर खाली ओली, आणि कुंडीवर बारीक चिलटं. पाणी कमी केलं, माती मोकळी केली, निंबोळी पेंडही टाकली. चिलटं हटत नाहीत.

रासायनिक औषध नको, तुळशीची पानं चहात पडतात. दिव्यांचा उपायही नको, विजेचा भरवसा नाही. क्रोटनची कुंडी सिमेंटची, रोज हलवणं जमणार नाही.

अडेनियमला नवी पालवी फुटेपर्यंत पाणी अजिबात देऊ नये, की अधूनमधून थोडं द्यावं? आणि तुळस रोज उन्हात नेऊन आत आणावी, की रात्री सपरीतच (ओसरीत) गोणपाट पांघरून ठेवलेली बरी?