मदत हवी आहे: टीव्हीवरच्या उद्योग-स्पर्धेसाठी पक्की नोकरी सोडावी का?

माझी फोंड्याची भाची विजेत्याला नोकरी देणाऱ्या एका टीव्ही स्पर्धेत निवडली गेलीय आणि त्यासाठी वेर्ण्यातली पक्की नोकरी सोडायला निघालीय. मला धास्ती वाटते. ब्रिटनच्या 'द अप्रेंटिस' या अशाच टीव्ही स्पर्धेची 2010 ची विजेती स्टेला इंग्लिश हिला वर्षाला 1 लाख पौंडांची नोकरी मिळाली, पण खरं कामच नाही म्हणत ती न्यायाधिकरणात गेली आणि 2013 मध्ये हरली. 2011 पासून तिथे नोकरीऐवजी अडीच लाख पौंडांची गुंतवणूक मिळते. पोर हुशार आहे हो, तिचं मन मोडायचं नाही. अशा स्पर्धेचा करार कुणी वाचलाय का? त्यात हुद्दा, पगार, मुदत स्पष्ट लिहिलेली असते का? करार तपासून देणारा पणजी-मडगावकडचा वकील कुणाच्या ओळखीत आहे? तिला पुढच्या आठवड्यात सही करायची आहे.