काट्याच्या व्हीएमला ३ टीबी डिस्क दिली, पण विंडोज २०४८ जीबीच्या पुढे सरकत नाही

काट्यावरचा

राजेहो, डोकं काम नाही करून राहिलं म्हणून इथं विचारतो.

आर्वीकडच्या एका जिनिंगवर मी वजनकाट्याचं अन् कॉम्प्युटरचं पाहतो. २०२१ च्या पावसाळ्यात वीज पडून जुना डबा गेला. तेव्हापासून काट्याचं विंडोज १० व्हीएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स सॉफ्टवेअरनं बनवलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये चालते, खाली उबंटू. इंडिकेटरची सिरियल केबल व्हीएमच्या कॉम-१ ला दिली आहे. चार हंगाम तक्रार नव्हती.

आता डी ड्राइव्ह भरला. कापसाच्या प्रत्येक गाडीमागे दोन क्लिपा साठतात, भरल्या वजनाची एक अन् रिकाम्या वजनाची एक. परवा संध्याकाळी फाटकाबाहेर मॅटाडोर अन् बंड्यांची रांग, अन् सॉफ्टवेअर म्हणते डिस्क फुल. जुन्या क्लिपा पेनड्राइव्हवर काढून कशीबशी वेळ मारली. रात्री व्हीएम बंद करून व्हीडीआय (व्हीएमच्या डिस्कची फाइल) ३ टीबीची केली. खालची खरी डिस्क ४ टीबीची आहे, जागेला तोटा नाही.

सकाळी डिस्क मॅनेजमेंट उघडतो तर शेवटी काळ्या पट्टीत १०२४ जीबी पडून. राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिकट. नेटवर वाचलं की बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) जुना आहे, त्याच्या जागी नवा ईएफआय लाव. व्हीएमच्या सेटिंगमध्ये टिक केली, तर काळ्या पडद्यावर नुसतं 'शेल' अन् लुकलुकणारा कर्सर. टिक काढल्यावर विंडोज परत आलं, तेव्हा जीव खाली पडला.

सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस आता फोन उचलत नाही. नव्यानं इन्स्टॉल करणं परवडत नाही. काही रस्ता?

वरूडकर

भाऊ, खालची डिस्क केवढी आहे याचा इथं संबंध नाही. व्हीएमला स्वतःचा बायोस असतो, आणि आतल्या विंडोजला तेवढाच दिसतो.

तुमचं विंडोज बायोसवर बसलं, म्हणून डिस्कवर एमबीआर पद्धतीची पार्टिशन यादी (डिस्कच्या भागांची नोंद) आली. ती यादी १९८३ सालच्या डॉसची. तिच्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट आहेत, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. एक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की बरोबर तुमचे २०४८ जीबी. काट्याच्या डिस्प्लेवर पाचच आकडे असले तर ९९,९९९ किलोच्या पुढची गाडी तो दाखवणार कशी? प्लॅटफॉर्म कितीही मजबूत टाका.

ईएफआयला जीपीटी ही नव्या पद्धतीची यादी आणि बूट फाइलींचं वेगळं छोटं पार्टिशन लागतं. तुमच्या डिस्कवर दोन्ही नाही, म्हणून शेलमध्ये पडलात. आधी डिस्क बदलायची, मग टिक. उलटं केलं की असंच होतं.

एकूण पार्टिशनं किती आहेत ते सांगा.

काट्यावरचा

चार. सुरुवातीला ५०० एमबी, मग सी, मग डी, शेवटी ४५० एमबीचं रिकव्हरी.

तेव्हा ईएफआयच्या टिकेसमोर इंग्रजीत 'फक्त खास ओएससाठी' असं लिहिलं होतं. म्हटलं आपलं विंडोज काहून खास असंल, अन् सोडून दिलं!

वरूडकर

मग हंगामात बूटला हातच लावू नका.

तुमची अडचण जागेची आहे, बूटची नाही. विंडोज बायोसवरून जीपीटी डिस्कवर *बूट* होत नाही, पण डेटासाठी जीपीटी डिस्क बिनधास्त वापरतं. इथं लोकांची गल्लत होते. व्हीडीआयची जुनी कॉपी ठेवली असेल तर तिच्यावर परत या, व्हीएमला दुसरी नवी डिस्क जोडा, विचारलं की जीपीटी निवडा, आणि क्लिपा तिकडे हलवा. मग जुन्या डीचं अक्षर बदलून नव्या डिस्कला डी द्या. सॉफ्टवेअरला काही कळायचं नाही.

हंगाम संपल्यावर जुनं डी पार्टिशन पुसून टाका. त्यात अजून एक फायदा आहे. एमबीआरची यादी जीपीटी करून देणारं विंडोजमधलं एमबीआरटूजीपीटी तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं असली की नकार देतं. तुमची चार आहेत, डी गेलं की तीनच उरतील. आधी फक्त व्हॅलिडेट (नुसती तपासणी) चालवा, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. त्यानंतर व्हीएम बंद करून ईएफआयची टिक. कॉम-१ जिथल्या तिथं राहील, त्याचा बायोस-ईएफआयशी संबंध नाही.

हे कधीतरी करावंच लागेल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला ईएफआय, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच बूट होऊ देणं), टीपीएम २.० (चाव्या सांभाळणारी चिप) तिन्ही लागतात. सिक्युअर बूट आणि टीपीएम व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० पासून आहेत.

रात्रपाळी

एक जोडतो. ईएफआयवर गेल्यावर बॅकअपमध्ये नुसती व्हीडीआय उचलू नका. व्हीएमच्या फोल्डरमध्ये एनव्हीरॅम नावाची छोटी फाइल येते, बूटच्या नोंदी आणि टीपीएमची माहिती तिच्यात असते. ती हरवली तरी विंडोज बहुतेक वेळा उठतं, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल.

आणि कोणी हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टचं व्हीएमचं सॉफ्टवेअर) नवी व्हीएम करत असेल तर बनवतानाच जनरेशन २ निवडा. जनरेशन १ म्हणजे बायोस, आणि व्हीएम बनल्यावर सेटिंगमधून ते बदलता येत नाही.

काट्यावरचा

झालं बावा. काल रात्री ९ ला काटा बंद केल्यावर बसलो. नवी डिस्क ३ टीबीची, पूर्ण दिसली. कॉपी चालू असताना दीडच्या सुमारास लाइन गेली. यूपीएसनं वीस मिनिटं धरलं अन् तेवढ्यात लाइन आली, नाहीतर आज तुमाले वेगळीच पोस्ट वाचायला भेटली असती.

सकाळी पहिली बंडी काट्यावर घेतली तेव्हा क्लिप नव्या डीमध्ये पडली. बूटचं पाडव्यानंतर पाहू. व्हॅलिडेट मात्र राहवलं नाही म्हणून आत्ताच चालवून पाहिलं. तुम्ही म्हटलं तसंच, नापास.