स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारायच्या बैठका) ७० किलोवर अडकलाय. धावणं कमी करू की दिवस बदलू?

वय ४१. दीड वर्ष झालं, वजनं आणि धावणं दोन्ही बऱ्यापैकी नेमाने चालू आहे. सध्याचा आठवडा असा:

सोमवार – स्क्वॉट, बेंच प्रेस, रो
मंगळवार – ५ किमी धावणे
बुधवार – ओव्हरहेड प्रेस, पुलअप्स
गुरुवार – ५ किमी
शुक्रवार – स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे)
शनिवार – ७ किमी
रविवार – आराम

बेंच हळूहळू का होईना, वाढतोय. त्याची तक्रार नाही. रडगाणं आहे ते स्क्वॉटचं. वहीत गेले दोन महिने ७०, ७०, ७० एवढंच. सोमवारी पाच-पाच बैठकांचे पाच सेट कसेबसे होतात. शुक्रवारी तेच वजन, तोच बार, आणि तिसऱ्या सेटच्या चौथ्या रेपला (बैठकीला) उजवा गुडघा आत वळायला लागतो, टाचा उचलल्या जातात. मग मी बार ठेवून देतो. झोप सात तास होते, खाण्यापिण्याचीही आबाळ नाही.

दुसरीकडे, आठवड्याला १५० मिनिटं कार्डिओ (धावण्यासारखा दमाचा व्यायाम) हवा असं सगळीकडे वाचतो. माझी तिन्ही धावणी मिळून जेमतेम ९६ मिनिटं भरतात. म्हणून रविवारीही अर्धा-पाऊण तास धावावं असं मनात आहे. पण मग स्क्वॉटचं काय होणार? जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:
धावताना हृदयाचे ठोके किती असतात? आणि धावता धावता एक आख्खं वाक्य न तोडता बोलता येतं का?

धागाकर्ता:
घड्याळ १५८-१६० दाखवतं. वाक्य नाही हो, दोन-तीन शब्द. पण धावताना दम लागणारच ना?

प्रतिसाद:
इथेच गोम आहे. २२० वजा वय धरलं तर तुमचे कमाल ठोके १७९ च्या आसपास. ढोबळ हिशोब आहे, पण त्यावरून १६० म्हणजे जवळपास ९० टक्के. हा जोरदार व्यायाम झाला. जागतिक आरोग्य संघटनेचे १५० ते ३०० मिनिटं हे मध्यम व्यायामासाठी आहेत. जोरदार असेल तर ७५ ते १५० पुरतात. म्हणजे तुमचा कोटा आधीच भरलाय. रविवारला हात लावू नका.

आता शुक्रवार. आदल्या दिवशी पाय पिळून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायांकडून स्क्वॉट आणि वर डेडलिफ्ट मागायचा, मग गुडघा आत वळेल नाहीतर काय! १९८० मध्ये हिक्सन या संशोधकाने वजनं आणि कार्डिओ एकत्र करणाऱ्यांवर प्रयोग केला होता, त्यात शेवटच्या आठवड्यांत त्यांची ताकद उतरायला लागली. अर्थात त्याने माणसांना पाच दिवस वजनं आणि सहा दिवस कार्डिओ करायला लावला होता, तेवढं तुमचं नाही. त्यामुळे धावणं सोडायची गरज नाही.

मी असं करेन: गुरुवार पूर्ण रिकामा. ते ५ किमी बुधवारी, वजनं झाल्यावर, आणि तेही सावकाश, ठोके १३५ च्या आत. शनिवारचे ७ किमी आहेत तसे. शुक्रवारी स्क्वॉट ६० वर आणा, तीनच सेट, डेडलिफ्ट मुख्य ठेवा. सोमवारी ७२.५ करून बघा, प्रत्येकी सव्वा किलोच्या दोन प्लेट मिळाल्या की झालं. त्याआधी एक आठवडा सगळीच वजनं हलकी ठेवलीत तर उत्तम. आणि गुडघा वळताना दुखत असेल तर आधी फिजिओला दाखवा.

धागाकर्ता:
दुखत नाही, नुसता वळतो. काल सावकाश धावून पाहिलं. १३५ च्या आत राहायचं तर दर दोन मिनिटांनी मला चक्क चालावं लागतंय. लाज वाटली. हे धरायचं का कार्डिओमध्ये?

प्रतिसाद:
धरायचं. महिन्याभराने चालण्याचे टप्पे किती उरले ते इथे लिहा, आणि सोमवारच्या स्क्वॉटचा आकडाही.