टॅबलेटचं ॲप तयार आहे, विकायचं कसं? आधी पैसे, अनलॉक की सबस्क्रिप्शन?

रेघोटी
नमस्कार. गेलं दीड वर्ष नोकरी सांभाळून रात्री एक ॲप लिहितोय, फक्त टॅबलेटसाठी. पेनने खोलीचा कच्चा आराखडा काढायचा. ॲप रेघा सरळ करतं, मापं मांडतं आणि शेवटी पीडीएफ देतं. अंतर्गत सजावटीचं काम करणाऱ्या चार ओळखीच्यांना वापरायला दिलं. त्यातले दोघं आता रोज वापरतात.

आधी आयपॅडवर आणायचं, मग अँड्रॉइडवर. गाडी अडलीय ती पैशांपाशी. माझा विचार असा: सुरुवातीला फुकट ठेवायचं, लोक जमले की किंमत लावायची. किंवा तीन आराखडे फुकट आणि पीडीएफ काढण्याला कुलूप, कारण पीडीएफची गरज प्रत्येकालाच पडते. एकट्याने ॲप विकलेल्या कुणी आपल्या बाबतीत काय घडलं ते सांगितलं तर फार मदत होईल.

बारावी_चाचणी
पहिला बेत अँड्रॉइडसाठी आत्ताच सोडा. प्ले स्टोअरवर एकदा फुकट दिलेलं ॲप नंतर सशुल्क करता येत नाही. नवं पॅकेज नाव (स्टोअरमधली ॲपची ओळख) घेऊन शून्यापासून सुरुवात करावी लागते, जुने रिव्ह्यू तिथेच राहतात. ॲपच्या आतली खरेदी मात्र केव्हाही जोडता येते.

आणि तुमचं खातं वैयक्तिक असून 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं असेल, तर किमान 12 परीक्षक सलग 14 दिवस बंद चाचणीत (फक्त निवडक लोकांसाठीच्या चाचणीत) असावे लागतात, तेव्हाच ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करता येतो. आधी ही संख्या 20 होती. चार ओळखीचे पुरणार नाहीत, आजपासूनच माणसं जमवायला लागा.

सुरावट
मी 2016 पासून वादकांसाठी स्वरलिपी वाचायचं ॲप विकतेय. टॅबलेट स्टँडवर ठेवायचा आणि पायाने ब्लूटूथ पेडल दाबलं की पान उलटतं. आधी पैसे आणि अनलॉक, दोन्ही प्रकारांनी विकून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला आधी पैसे, मग डाउनलोड. पहिल्या आठवड्यात 61 प्रती गेल्या आणि मी हरखून गेले. तिसऱ्या आठवड्यात 4. मी किंमत उतरवली, पण काही फरक पडला नाही. कारण कळलं एका वादकाच्या ईमेलमधून. त्याच्याकडे जुन्या, पिवळट, तिरक्या स्कॅन केलेल्या शंभरेक पीडीएफ होत्या. त्याला एवढंच पाहायचं होतं की *त्याची* पानं *त्याच्या* स्क्रीनवर दोन हात अंतरावरून वाचता येतात का. माझ्या स्क्रीनशॉटमधलं स्वच्छ छापील पान पाहून त्याला ते कसं कळणार? टॅबलेटचं ॲप घेणारा माणूस बहुतेक वेळा एक ठरावीक काम डोक्यात घेऊन येतो. ते काम एकदा पूर्ण होताना दिसल्याशिवाय तो पैसे देत नाही, आणि ते रास्तच आहे.

म्हणून 2019 मध्ये ॲप फुकट केलं. पाच रचना मोफत, मुदत नाही, त्यापुढे एकदाच पैसे भरून सगळं खुलं. आधी दोनच रचना ठेवल्या होत्या. पण दोन रचनांत कार्यक्रमाची यादी लावून एकापाठोपाठ एक वाजवायची सोय अनुभवताच येत नव्हती. लोक यायचे, दोन पानं उलटायचे आणि निघून जायचे. पाच केल्यावर अनलॉक वाढले, आणि तेव्हापासून याच उत्पन्नावर ॲप चालू आहे.

आता माझ्याकडून झालेली चूक, तुमच्या कुलपाशी तिचा थेट संबंध आहे. ज्यांनी आधी पैसे मोजले होते त्यांना सगळं खुलं राहायलाच हवं होतं. ॲपलच्या पावतीत 'ओरिजिनल ॲप व्हर्जन' नावाची नोंद असते, म्हणजे ग्राहकाने पहिल्यांदा घेतलेली आवृत्ती. ॲप फुकट झालं ती आवृत्ती 3.0, म्हणून मी अट लिहिली: ही नोंद 3.0 पेक्षा लहान असेल तर जुना ग्राहक. चाचणीत सगळं सुरळीत चाललं, म्हणून सोडून दिलं. पण आयपॅडवर त्या नोंदीत लोकांना दिसणारी आवृत्ती नसते, बिल्ड क्रमांक असतो, म्हणजे आपण ॲप बांधताना देतो तो अंतर्गत क्रमांक. माझे बिल्ड 140, 155 असे चालले होते. 140 काही 3.0 पेक्षा लहान नाही! आणि चाचणीच्या वातावरणात ही नोंद कायम 1.0 अशीच येते, त्यामुळे माझी चुकीची अट तिथे अगदी बरोबर दिसत होती.

म्हणजे माझ्यावर सगळ्यात आधी विश्वास ठेवलेल्या एकूण एक ग्राहकाच्या ॲपला मी कुलूप लावलं. सकाळी एका व्हायोलिनवादक बाईंचा ईमेल आला, तासाभरात त्यांचा कार्यक्रम होता. मी सुचवलं की मूळ पीडीएफ दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडा. त्यांनी उघडली, वाजवलंही. पण बोटांचे आकडे, गज खाली की वर याच्या खुणा, श्वास घ्यायच्या जागी केलेली लाल रेघ, हे सगळं त्यांनी महिनोन्‌महिने माझ्या ॲपमध्ये लिहिलेलं होतं आणि ते कुलपाच्या आत होतं. त्यांना खुणा नसलेल्या पानांवरून वाजवावं लागलं. नंतर त्यांनी तक्रार केली नाही, फक्त एवढंच लिहिलं की दुसऱ्या भागात हात दोनदा अडखळला. ते वाक्य आजही आठवलं की पोटात कालवतं.

ॲपलकडे तातडीच्या तपासणीची विनंती करून दुरुस्ती त्याच दिवशी पोचवली. पुढच्या अपडेटमध्ये खुणांसकट पीडीएफ बाहेर काढणं सर्वांसाठी मोफत केलं आणि ते तसंच राहणार आहे. म्हणून तुमच्या एक्सपोर्टच्या कुलपाला माझा ठाम विरोध आहे. चौथ्या आराखड्याला कुलूप लावा, हवं तर पीडीएफवर स्वतःचं बोधचिन्ह टाकण्याला लावा. माणसाने स्वतःच्या हाताने काढलेलं त्याला परत द्यायचे पैसे घेऊ नका.

बाकी थोडक्यात. दोन्ही स्टोअर विक्रीतून कापून घेतात ते कमिशन 30 ऐवजी 15 टक्के लागू शकतं. ॲपलकडे ज्यांची वर्षाची मिळकत 10 लाख डॉलरच्या आत आहे त्यांना, गूगलकडे पहिल्या 10 लाख डॉलरवर. पण हे आपोआप होत नाही, नोंदणी करावी लागते. मी उशिरा केली. 'खरेदी परत मिळवा' हे बटण (आधी पैसे भरलेल्याला पुन्हा न भरता सगळं खुलं करणारं) पहिल्याच आवृत्तीत असू द्या, त्यावाचून माझी एक आवृत्ती तपासणीतून परत आली होती.

तळघर
सबस्क्रिप्शनची बाजूही मांडतो. माझं ॲप क्लासच्या हजेरीचं आहे, चार शिक्षक चार टॅबलेटवरून एकाच यादीत नोंदी करतात. त्यासाठी सर्व्हर चालवावा लागतो आणि त्याचं बिल दर महिन्याला येतं. एकदाच घेतलेल्या पैशांतून ते कायमचं भागत नाही. असा चालू खर्च असेल तर सबस्क्रिप्शन लावा आणि कशासाठी लावलंय ते वर्णनात स्पष्ट लिहा. तुमचं सगळं टॅबलेटवरच घडत असेल तर मीही सुरावट यांच्या बाजूचा.

अँड्रॉइडचं एक ध्यानात असू द्या. अँड्रॉइड 16 साठी बनवलेल्या ॲपला 600 डीपी (पडद्याच्या रुंदीचं अँड्रॉइडमधलं माप) किंवा त्याहून रुंद पडद्यावर 'फक्त आडवं' या अटीवर विसंबता येत नाही. सिस्टिम ती सहसा मानत नाही, खेळांना सूट आहे. तुमची साधनपट्टी उभ्या आणि अर्ध्या खिडकीत कशी दिसते ते आधी बघून घ्या.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. सुरावट, तुमचा अनुभव दोनदा वाचला. सर्व्हर नाही, सगळं टॅबलेटवरच साठतं, त्यामुळे सबस्क्रिप्शनचा प्रश्न मिटला. पीडीएफ खुली ठेवतो. पण मग तीन आराखडे कमी पडतील का? रोज वापरणाऱ्या दोघांपैकी एकीच्या एका घराच्या कामात सहा-सात खोल्या असतात.

सुरावट
मग उत्तर त्यांनीच दिलंय. आराखडे मोजू नका, कामं मोजा. एक अख्खं घर मोफत, त्यात खोल्या कितीही. दुसरं घर सुरू करताना पैसे. आणि त्यांना विचारा की पहिलं घर पूर्ण झाल्यावर त्या ती पीडीएफ कुणाला पाठवतात. त्यांना तो कागद कसा हवा असतो ते कळलं की तुमचा पहिला स्क्रीनशॉट त्याचाच ठेवा. माझा पहिला स्क्रीनशॉट तीन वर्षं सेटिंगच्या पानाचा होता.