प्रति: रोज आठ तासांचं ध्येय

'रोज आठ तास अभ्यासाला बसायचंच' असं वर कुणीतरी सुचवलंय, ते पटलं नाही. तास मोजता येतात म्हणून बरे वाटतात, एवढंच. इंजिनिअरिंगला पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) मीही तास मोजले, तीन रंगांच्या हायलायटरने नोट्स रंगवल्या आणि एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी घेऊन, म्हणजे नापास होऊन, घरी आलो.

दुसऱ्या खेपेला रोज जुन्या पेपरमधली चार गणितं, वही मिटून, कोऱ्या कागदावर. अगदीच अडलं तर वही उघडायची. सुटलो एकदाचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२. अर्थात तिथे साधे उतारे होते, लाप्लाससारखं एम-थ्रीचं गणित नव्हतं.