नोकरी आणि अंगावरचं दूध: 'नियोजन' केलं की जमतंच?

अर्धीझोप: परवा इथेच एकीने लिहिलं, "फुलटाइम नोकरी करूनही वर्षभर अंगावर पाजता येतं, नियोजन हवं. तिसऱ्या महिन्यात बंद करणाऱ्यांना मुळात करायचंच नसतं." दोन ओळींत उत्तर देणार होते, पण राग मावला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

नियोजन कसलं, बाई? दिवसभर बाहेर म्हणजे साधारण दर तीन तासांनी पंपाने दूध काढणं, वर त्याची धुणीपुसणी. दूध भरून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं, तुमचं कॅलेंडर बघून नाही. मीटिंग लांबली, एक वेळ हुकली. असं रोज व्हायला लागलं की दूध आटतं. कडी नसलेल्या खोलीत, कोण आत येईल या धास्तीने बसा आणि पान्हा फुटतो का बघा. मला गाठ होऊन सणकून ताप आला, तरी दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशनला उभी होते. मला 'करायचंच नव्हतं'?

सहज_जमलं: ती 'एकी' मीच, सरळ नाव घ्यायचं. एक शब्द मागे घेणार नाही. रजा संपायच्या आधीपासून साठा केला, रात्रीचं पाजणं सोडलं नाही. दूध बनवायला लावणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं, दूध तिथेच टिकतं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने फक्त अंगावरचं आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त सांगते, ती काय उगाच?

आकडेमोड: मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचंही (आयएलओ) वाचा. आयएलओचा २००० सालचा करार क्र. १८३: रजा किमान १४ आठवडे. सहा महिने म्हणजे २६. मधले १२ आठवडे कुणी भरायचे, नियोजनाने? पाजण्यासाठी कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा तास, हे तर १९१९ च्या करारात लिहिलंय. शंभर वर्षं उलटली, आपण अजून दाराला कडी मागतोय.

खाष्ट: करार राहू द्या. ऑफिसच्या फ्रिजचं बोला. आमच्याकडे एकजण बाटल्या थेट माझ्या डब्याला खेटून ठेवते. आम्ही बोलायचंच नाही का?

अर्धीझोप: शेजारी गाईचं दूध चालतं ना?

खाष्ट: गाय माझ्यासोबत मीटिंगला बसत नाही.

आकडेमोड: 😂 तरी सांगतो, ताजं काढलेलं खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, बर्फाच्या पॅकसकट थंड पिशवीत २४ तास. फ्रिज लागेलच असं नाही.

सहज_जमलं: मी थंड पिशवीच न्यायचे. नियोजन!

अर्धीझोप: आलं परत.

रातपाळीतला_बाबा: साठ्याचं एवढं कौतुक नको. आमच्या हिने फ्रीझर भरला आणि बाळाने तोंड फिरवलं. साबणासारखा वास. दुधातल्याच लायपेज नावाच्या एन्झाइममुळे होतं म्हणे, दूध खराब नसतं, पण हे बाळाला कोण सांगणार? आणि फ्रिजवरून आठवलं, तिच्या ऑफिसात कुणीतरी भरलेली बाटली 'चुकून' ओतून दिली. घरी येऊन रडली.

खाष्ट: मी कधी ओतलेलं नाही. भलते आरोप नकोत.

रातपाळीतला_बाबा: तुम्हाला कोण म्हणालं?

खाष्ट: रोख कळतो.

सहज_जमलं: बरं बाई, असेल तुमचं खरं. मला कडीची खोली होती. दुपारी आई बाळाला घेऊन यायची, तेव्हा पंप फारसा लागलाच नाही.

अर्धीझोप: पंप लागलाच नाही!! हे त्या पोस्टमध्ये का नव्हतं?

सहज_जमलं: कुणी विचारलं नव्हतं. आईला बोलावणं हेही नियोजनच.

अर्धीझोप: धन्य आहे.

खाष्ट: फ्रिजचं उत्तर राहिलंच. खालचा कप्पा घ्या, पण बंद पिशवीत, नाव-तारीख घालून.

अर्धीझोप: तारीख आम्ही आधीपासून घालतो. फ्रिजमधले बिनतारखेचे, बुरशी धरलेले डबे कुणाचे असतात, ते सांगा.